पर्माफ्रॉस्टच्या मातीची सूक्ष्मरचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती गोठते आणि वितळते तेव्हा तिच्या आत मिलिमीटरच्या आणि त्याहून लहान पातळीवर काय घडते, त्याबद्दल विद्यार्थी, क्षेत्रावर नमुने घेणारे आणि प्रयोगशाळेत पातळ छेद (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे मातीचे अतिपातळ काप) बनवणारे पुन्हा पुन्हा जे विचारतात ते येथे एकत्र केले आहे. नमुना घेण्याचा भाग मुद्दाम सविस्तर ठेवला आहे, कारण सर्वांत जास्त माहिती तिथेच वाया जाते.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फाने भरलेली जमीन का?

नाही. व्याख्या फक्त तापमानाची आहे : जी जमीन सलग किमान दोन वर्षे ०° सेल्सिअस किंवा त्याखाली राहते ती पर्माफ्रॉस्ट. तो कोरडा खडकही असू शकतो. त्याच्यावरचा जो थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो त्याला सक्रिय थर म्हणतात. त्याची जाडी साधारण ३० सेंटिमीटरपासून दोन मीटरपेक्षा जास्तही असते. सूक्ष्मरचनेची बहुतेक घडामोड या थरात आणि त्याच्या तळाशी, म्हणजे पर्माफ्रॉस्टच्या माथ्यावर होते.

पाणी गोठताना फुगते म्हणून माती फाटते आणि वर उचलली जाते, हे बरोबर ना?

हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे, म्हणून इथे थोडे थांबू. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, हे खरे. पण ४० टक्के छिद्रे असलेली, पाण्याने पूर्ण भरलेली एक मीटर माती जागच्या जागी गोठली, तर या हिशेबाने ती फार तर ३.६ सेंटिमीटर वर यावी. प्रत्यक्षात जमीन याच्या कितीतरी पट उचलली जाते. स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हा मुद्दा निकालात काढला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरले. बेंझीन गोठताना फुगत नाही, आकसते. तरीही माती वर उचलली गेली.

कारण असे की गोठण्याच्या जागी बर्फ खालचे पाणी स्वतःकडे ओढतो. हे पाणी मातीच्या छिद्रांतून वर येते, एका पातळीवर जमते आणि तिथे स्वच्छ बर्फाचा आडवा पापुद्रा वाढतो. भूवैज्ञानिक त्याला आइस लेन्स म्हणतात. मातीचे कण त्या पापुद्र्यात जात नाहीत, बाजूला ढकलले जातात. म्हणजे जमीन उचलली जाण्यात मोठा वाटा बाहेरून आलेल्या पाण्याचा असतो, फुगण्याचा लहान. पातळ छेदात दिसणारी जवळजवळ प्रत्येक खूण या ओढाओढीपाशी जाऊन पोचते.

बर्फ पाणी ओढतो म्हणजे किती जोराने?

सैद्धांतिक मर्यादा आहे ०° खाली प्रत्येक अंशाला सुमारे १.२ मेगापास्कल, म्हणजे साधारण १२ वातावरणांइतके शोषण. उणे एक अंशालाच एवढी ओढ असते. ती पूर्ण वापरली जात नाही, कारण पाणी अरुंद छिद्रांतून यावे लागते आणि तापमान उतरते तशी ती वाट अधिक अरुंद होते. तरी दोन पापुद्र्यांमधली चिकणमाती या ओढीने पाणी गमावते आणि घट्ट दाबली जाते. वरून कधीही वजन आलेले नसले तरी ती जड ओझ्याखाली दबल्यासारखी वागते. प्रयोगशाळेत असा नमुना आला तर लोक पुरातन हिमनदीचे ओझे शोधू लागतात. गोठण्याची शक्यता आधी तपासावी.

पण शून्याखाली पाणी द्रव कसे राहते? सगळे गोठायला नको का?

दोन कारणांनी सगळे गोठत नाही. लहान छिद्रात बर्फाचा पृष्ठभाग तीव्र वळणाचा असतो आणि त्यामुळे गोठणबिंदू उतरतो. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या छिद्रात सुमारे ०.०५ अंश, ०.१ मायक्रॉनमध्ये सुमारे अर्धा अंश, आणि ०.०१ मायक्रॉनमध्ये पाच अंशांच्या आसपास. शिवाय खनिजाच्या पृष्ठभागाला चिकटलेला पाण्याचा अतिपातळ थर बर्फाच्या शेजारीही द्रव राहतो. म्हणून वाळूत उणे एक अंशाला जवळपास सारे पाणी गोठलेले असते, पण स्मेक्टाइट हे अतिसूक्ष्म कणांचे, फुगणारे खनिज असलेल्या चिकणमातीत उणे दहालाही द्रव पाणी सापडते. या पातळ थरांतूनच पाणी वाढत्या पापुद्र्याकडे सरकते. विरघळलेले क्षारही याच थरांत एकवटतात आणि गोठणबिंदू आणखी खाली नेतात.

पोयट्याच्या मातीतच पापुद्रे सर्वांत ठळक का?

वाळूत पाणी सहज वाहते, पण ओढ नसते. जड चिकणमातीत ओढ जबर असते, पण पाणी हळू सरकते. पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून भरड कणांची माती, या दोन्हींच्या मध्ये बसतो : ओढ पुरेशी आणि वाटही पुरेशी. आर्थर कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेला ढोबळ नियम आजही वापरला जातो. मिश्र आकाराच्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून अधिक असले, किंवा एकसारख्या आकाराच्या मातीत १० टक्क्यांहून अधिक असले, तर पाणी मिळाल्यावर बर्फ वेगळा होऊन साठण्याची अपेक्षा ठेवावी. हा नियम सावधगिरीचा आहे, पण तो पाळून नुकसान होत नाही.

पापुद्र्यांची जाडी कशावर ठरते?

गोठण्याची आघाडी, म्हणजे गोठलेल्या आणि न गोठलेल्या मातीमधली सीमा, किती वेगाने खाली सरकते, यावर. थंडी झपाट्याने उतरली तर पाण्याला गोळा व्हायला वेळ मिळत नाही. ते छिद्रांतच गोठते आणि नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. आघाडी रेंगाळली तर एकच पापुद्रा वाढत राहतो. म्हणून वरच्या काही सेंटिमीटरमध्ये पापुद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे आणि दाट असतात. खाली जाताना ते जाड होतात आणि त्यांच्यातले अंतर वाढते, कारण खोलीबरोबर थंडी उतरण्याचा वेग कमी होतो. पाण्याचा पुरवठाही तितकाच महत्त्वाचा. शेजारच्या दोन खड्ड्यांत एकात रेषारेषा दिसतात आणि दुसऱ्यात नाहीत, तेव्हा फरक बहुधा पाण्याचा असतो.

पर्माफ्रॉस्टवरच्या मातीत आणि फक्त हिवाळ्यात गोठणाऱ्या मातीत सूक्ष्मरचनेचा फरक काय?

हंगामी गोठण वरून खाली, एकाच दिशेने होते. पापुद्री रचना खाली जाताना जाड होत जाते आणि गोठण जिथवर पोचले तिथे संपते. पर्माफ्रॉस्टवरचा सक्रिय थर मात्र दोन्ही बाजूंनी गोठतो, कारण खालची जमीनही शून्याखाली असते. त्यामुळे पाणी मधल्या पट्ट्यातून वर आणि खाली असे दोन्हीकडे ओढले जाते. मधली माती कोरडी आणि घट्ट राहते, तर माथ्याशी आणि तळाशी बर्फ साठतो. उभ्या छेदात पापुद्री – घट्ट – पुन्हा पापुद्री असा क्रम दिसला, तर तो पर्माफ्रॉस्टच्या बाजूने चांगला पुरावा आहे. एकाच खोलीवरच्या नमुन्यातून हा क्रम कळत नाही, म्हणून संपूर्ण थराचे नमुने घ्यावे लागतात.

काही उन्हाळे कमी उबदार गेले की सक्रिय थराचा तळ गोठलेलाच राहतो आणि तिथला बर्फ साठत जातो. पर्माफ्रॉस्टचा माथा सर्वांत बर्फाळ का असतो, याचे हे मुख्य कारण. तिथे कधीकधी बर्फच जास्त आणि मातीचे तुकडे त्यात तरंगत असल्यासारखे दिसतात.

जाळीदार रचना कशी तयार होते?

चिकणमातीतून पाणी निघून गेले की ती आकसते आणि उभ्या भेगा पडतात. त्या भेगांतही बर्फ भरतो. आडवे पापुद्रे आणि उभ्या भेगा मिळून जाळी होते, आणि वितळल्यावर माती टोकदार कोपऱ्यांच्या ठोकळ्यांत सुटते. पोयट्याच्या मातीत आकसणे कमी, म्हणून तिथे आडवी पानेच जास्त. अलास्कात फेअरबँक्सच्या उत्तरेला फॉक्स येथे अमेरिकी सैन्याच्या शीतप्रदेश प्रयोगशाळेने १९६० च्या दशकात खोदलेला पर्माफ्रॉस्ट बोगदा आहे. त्याच्या भिंतींत प्लाइस्टोसीन म्हणजे हिमयुगांच्या काळातला पोयटा अतिसूक्ष्म पापुद्र्यांनी भरलेला दिसतो. तिथे गाळ साठत असतानाच पर्माफ्रॉस्टचा माथा त्याच्याबरोबर वर सरकत गेला, म्हणून ती बारीक रचना मीटरच्या मीटर जाडीत टिकली आहे.

बर्फ वितळल्यावर मागे काय उरते?

बर्फाच्या जागी पोकळी उरते आणि तिच्या वर-खाली दाबली गेलेली मातीची पाने उरतात. पानांच्या कडा गुळगुळीत असतात आणि कोरड्या भेगेसारख्या वेड्यावाकड्या नसतात. माती घट्ट असेल तर पोकळी टिकते. ओली आणि सैल असेल तर ती मिटते, पण पुढच्या हिवाळ्यात पापुद्रा बहुधा त्याच कमकुवत पातळीवर येतो आणि रचना दर वर्षी पक्की होत जाते.

दुसरी खूण म्हणजे गोल, गुळगुळीत भिंतींच्या हवापोकळ्या. गोठताना पाण्यातली विरघळलेली हवा बाहेर पडते. वितळताना माती पाण्याने इतकी भरलेली असते की थोड्या हालचालीने ती पातळ लगद्यासारखी वाहते आणि हवेचे बुडबुडे तिच्यात अडकतात. अशा पोकळ्या दिसल्या तर त्या जागी माती कधीतरी ताकद गमावून बसली होती, असे समजावे.

खड्यांच्या माथ्यावर बारीक मातीची टोपी का दिसते?

हे छेदातले माझ्या मते सर्वांत बोलके चिन्ह. वितळणारे पाणी वरून खाली झिरपताना पोयट्याचे कण बरोबर आणते. खड्यावर किंवा मातीच्या पानावर ते अडते आणि कण माथ्यावर बसतात. बाजूंना आणि तळाला काही नसते. टोपीत बहुधा बारीक-भरड असे थर असतात, कारण दर वर्षी नवा थर चढतो.

टोपी वरच्या बाजूला असते, हे माहीत असल्याने ती दिशादर्शक ठरते. ती खड्याच्या बगलेला किंवा पोटाखाली दिसली तर खडा नंतर फिरला आहे. एकाच छेदात टोप्या वेगवेगळ्या दिशांना असतील तर माती घुसळली गेली आहे, म्हणजे गोठण-वितळणाने वर-खाली मिसळली गेली आहे. अर्थात हे सांगण्यासाठी नमुन्याची वरची बाजू खात्रीने माहीत हवी. वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा विसरलेला नमुना इथे निरुपयोगी ठरतो.

घुसळण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते का?

येते. वाळूचे कण वर्तुळाकार ओळींत उभे राहिलेले दिसतात, किंवा लांबट कण उभे वळलेले. मातीचे कणसमूह गोलसर होतात, त्यांच्याभोवती वेगळ्या मातीचे वेष्टन चढते. सेंद्रिय पदार्थाचे गडद धागे खनिज मातीत ओढले गेलेले असतात. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. उत्तर गोलार्धातल्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या मातीत, वरच्या तीन मीटरमध्ये सुमारे १,००० अब्ज टन कार्बन असल्याचा अंदाज आहे. त्यातला बराच अशा घुसळणीने खाली गाडला गेला आहे. त्यातला काही घट्ट कणसमूहांच्या पोटात बंद असतो आणि काही उघड्या पोकळ्यांच्या कडेला. तापमान वाढले की यातला कोणता आधी कुजेल, हे बरेचसे या मांडणीवर अवलंबून आहे.

गोठण-वितळणाच्या किती चक्रांत रचना बदलते?

सर्वांत मोठा बदल पहिल्या काही चक्रांत होतो, नंतर वेग मंदावतो. घट्ट माती सैल होते आणि सैल माती घट्ट होते. चेंबरलेन आणि गॉ यांनी १९७९ साली दाखवले की बारीक मातीत गोठण-वितळणानंतर छिद्रांचे एकूण प्रमाण घटते, तरी उभ्या दिशेने पाणी जास्त सहज वाहते. विरोधाभास वाटतो, पण कारण सरळ आहे. पानांमधली माती दाबली जाते, आणि त्याच वेळी उभ्या भेगा पाण्याला मोकळी वाट देतात. नुसती घनता मोजून पाणी किती झिरपेल याचा अंदाज बांधणारे इथे हमखास चुकतात.

गोठण्याने खनिजांचे कणही फुटतात का?

फुटतात. आणि इथे नेहमीचा अंदाज उलटतो. उबदार हवामानात क्वार्ट्झ टिकतो आणि फेल्डस्पार झिजतो. शीत प्रदेशात क्वार्ट्झ लवकर बारीक होतो. रशियन संशोधक कोनिश्चेव यांनी यावर आधारलेला निर्देशांक असा : ०.०५ ते ०.०१ मिलिमीटर गटातले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे गुणोत्तर काढा, त्याला ०.१ ते ०.०५ मिलिमीटर गटातल्या त्याच गुणोत्तराने भागा. उत्तर १ पेक्षा जास्त आले तर शीत विदारणाचा, म्हणजे गोठण्याने कण फुटल्याचा, संशय घ्यावा. मूळ गाळ बाहेरून वाहून आलेला असेल तर ही खूण दुसरीकडचीही असू शकते.

नमुना कसा घ्यावा?

गोठलेला आणि न गोठलेला नमुना यांचे नियम वेगळे आहेत. ही चूक सर्वाधिक होते.

गोठलेली माती पोकळ ड्रिलने किंवा छिन्नीने काढा आणि लगेच उणे तापमानात ठेवा. उणे २०° चांगले. उणे दोन-तीन अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात द्रव पाणी सरकत राहते आणि पापुद्रे हळूहळू बदलतात. हवाबंद पिशवी वापरा, नाहीतर बर्फ पृष्ठभागावरून उडून जातो. काढल्याबरोबर फोटो घ्या, पट्टी शेजारी ठेवा.

वितळलेल्या सक्रिय थरातून कुबिएना डबी वापरा. तिचे नाव मातीच्या सूक्ष्मरचनेच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या वॉल्टर कुबिएना यांच्यावरून आले आहे. दोन्ही बाजूंनी झाकण असलेली, साधारण हातात मावेल एवढी धातूची चौकट. खड्ड्याच्या भिंतीत माती डबीच्या आकाराची कोरून घ्या आणि डबी तिच्यावर बसवा. डबी ठोकून आत घालू नका. ओल्या पोयट्यात ठोकण्यानेच माती पातळ होते. वरच्या बाजूचा बाण, खोली आणि दिशा डबीवर लिहा, झाकणावर नाही, कारण झाकणे बदलतात.

आणि न गोठलेला ओला नमुना फ्रीझरमध्ये ठेवू नका. तो चारी बाजूंनी गोठतो, आत नवे पापुद्रे तयार होतात आणि तुम्ही फ्रीझरची रचना निसर्गाची म्हणून वाचता. असा नमुना थंड, पण शून्याच्या वर, साधारण ४° वर ठेवा.

पातळ छेद बनवताना काय सांभाळावे?

पाणी काढणे ही कसोटी. उघड्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवले तर चिकणमाती आकसते आणि खोट्या भेगा पडतात. गोठलेला नमुना निर्वात यंत्रात, बर्फ थेट वाफ होईल अशा रीतीने वाळवा. वजन घटायचे थांबेपर्यंत काढू नका, आत बर्फाचा गाभा उरला तर रेझिन (नमुना घट्ट करणारा चिकट द्रव) भरताना तो वितळून रचना बुडवतो. वितळलेल्या ओल्या नमुन्यात पाण्याच्या जागी टप्प्याटप्प्याने ॲसिटोन आणा.

नंतर पातळ केलेले पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिन निर्वातात, तळापासून हळूहळू चढू द्या. वरून ओतले तर हवा आत कोंडते आणि खऱ्या हवापोकळ्यांशी तिचा गोंधळ होतो. घट्ट होण्याची घाई करू नका. जास्त उत्प्रेरक टाकला की उष्णता निघते आणि ठोकळा तडकतो. पॉलिएस्टरला काही आठवडे लागतात. कापताना आणि घासताना पाण्याऐवजी तेल वापरा, विशेषतः क्षार किंवा फुगणारी चिकणमाती असेल तेव्हा. शेवटची जाडी २५ ते ३० मायक्रॉन. सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाश एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) क्वार्ट्झ राखाडी किंवा पांढरट दिसला पाहिजे. पिवळा दिसला तर छेद अजून जाड आहे.

छेद उभ्या दिशेनेच कापा. आडव्या छेदात पापुद्री रचना दिसतच नाही.

सीटी स्कॅन केला तर छेदाची गरज उरते का?

उरते. सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये गोठलेला नमुना न कापता पापुद्र्यांची त्रिमितीय मांडणी मिळते आणि हवा, बर्फ, खनिज स्पष्ट वेगळे होतात. पण बर्फ आणि द्रव पाणी यांची घनता इतकी जवळची आहे की ते एकमेकांपासून वेगळे ओळखणे अवघड जाते, आणि पोयट्याच्या टोपीतले बारीक थर बहुधा सुटतात. आधी स्कॅन करून मग त्याच नमुन्याचा छेद करणे सर्वांत फायद्याचे.

साध्या साधनांनी बर्फाचे प्रमाण कळेल का?

जास्तीचा बर्फ, म्हणजे छिद्रांत मावेल त्याहून अधिक असलेला, मोजपात्रात कळतो. गोठलेला नमुना त्यात वितळू द्या, ढवळा आणि माती पूर्ण बसू द्या. वर उभे राहिलेले पाणी २० मिलिलिटर आणि खालची माती ६० मिलिलिटर असेल, तर पाण्याला १.०९ ने गुणा : २१.८. हे भागिले (६० अधिक २१.८), म्हणजे सुमारे २७ टक्के जास्तीचा बर्फ. ती जमीन वितळली तर जवळपास तेवढ्या प्रमाणात खचेल. बारीक चिकणमाती बसायला दिवस लागतात, घाईने वाचलेला आकडा चुकतो.

पापुद्री रचना दिसली म्हणजे तिथे कधीकाळी पर्माफ्रॉस्ट होता का?

एवढ्यावरून नाही. हंगामी गोठण, यंत्रांच्या चाकांचा दाब, पावसाच्या माराने बसलेली पपडी, मूळ गाळाचे थर, हे सगळे पानापानांची रचना देतात. टोप्या, गुळगुळीत हवापोकळ्या, तळाशी पुन्हा ठळक होणारी पाने आणि बर्फाच्या पाचरींचे साचे (जमिनीतली पाचरीसारखी बर्फाची भेग वितळल्यावर गाळाने भरून उरलेला आकार) अशा खुणा एकत्र मिळाल्या तरच बोलावे.

वर्गीकरणात या माती कुठे बसतात?

अमेरिकी पद्धतीत जेलिसॉल : पर्माफ्रॉस्ट १०० सेंटिमीटरच्या आत, किंवा वरच्या १०० सेंटिमीटरमध्ये घुसळणीच्या वा बर्फ वेगळा साठल्याच्या खुणा असतील तर २०० सेंटिमीटरच्या आत. जागतिक संदर्भ पद्धतीत आणि कॅनडात क्रायोसॉल.

वितळताना जमीन एकदम का ढासळते?

बर्फ वितळून सुटलेले पाणी निघून जाण्याच्या वेगापेक्षा वितळण्याचा वेग जास्त असला, तर छिद्रांतला पाण्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांना टेकत नाहीत. मॉर्गेनस्टर्न आणि निक्सन यांनी १९७१ साली ही स्पर्धा गणितात मांडली. सूक्ष्मरचना इथे थेट कामाला येते. उभ्या भेगा असलेल्या जाळीदार मातीतून पाणी वाट काढते. आडव्या पानांच्या पोयट्यात मात्र ते पानांमध्ये अडकते आणि उतार त्याच पातळ्यांवरून घसरतो. म्हणून उतारावरच्या बोअरमध्ये बर्फाच्या टक्केवारीबरोबर पापुद्र्यांची दिशा, जाडी आणि अंतर हेही नोंदवावे.